टाहवोच्या झाडाची फळी

दार नीट ओढून घे, यूसो. कडी लागली का बघ, नाहीतर सगळी ऊब बाहेर जाते आणि रात्रभर माझे गुडघे कुरकुरत बसतात. वेन्ला, चुलीत एक ओंडका टाक गं. आणि तो रस्सा संपवा आधी. उद्याही शिकारीत मूस हरीण मिळालं नाही तर हाच पुन्हा गरम करून वाढीन, सांगून ठेवतो.

हं. आता तुझा प्रश्न. मगाशी सॉनात वाफ घेताना विचारलास तेव्हा ऐकू आलं नाही असं दाखवलं मी. आलं होतं. टाहवोला नावाच्या त्या घराकडे जाणाऱ्या वळणावरच्या पाइनच्या फांद्या कुणी छाटल्या, हेच ना? दोन पुरुष उंचीपर्यंत बोडका केलाय आणि वर शेंडा तेवढा ठेवलाय. तू म्हणालास, विजेच्या तारांसाठी छाटला असेल. तिथे तार कुठे आहे, बाबा?

ते झाड आल्पोने छाटलं. गेल्याच्या गेल्या डिसेंबरात. आल्पो तुम्हाला माहीत आहे, जंगलतोडीचं मोठं मशीन चालवतो तो, लाल दाढीवाला. बोलतो कमी, आणि टाहवोलात घरजावई म्हणून राहतो. हे त्याच्या बाबतीत घडलेलं आहे. त्याने स्वतः मला सांगितलंय. आणि मी त्यात कुठे होतो तेही सांगतो. या वयात लपवून काय करू?

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. लाकडाच्या ट्रकला त्या वळणावर वळता येत नव्हतं. मी आपल्या रस्ता मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे खड्डा पडला की शिव्या खायच्या त्या मीच. मी आल्पोला म्हटलं, कडेची चार झाडं काढून टाक. शनिवारी दुपारी तो करवत घेऊन गेला. तीन झाडं पाडली, आणि चौथ्यापाशी थांबून मला फोन केला.

"काका, हे चौथं वाळकं आहे. पार करडं पडलंय, कधी मेलं कोण जाणे. खाली एकसुद्धा फांदी नाही. आणि बुंध्यावर काहीतरी कोरलंय."

"काय कोरलंय?"

"वर एक फुली. खाली रेघा आहेत. उभी एक, तिच्यावर आडव्या दोन, आणि एक तिरकी."

इकडे टीव्हीवर हॉकी चालू होती. आपण एका गोलने मागे आणि शेवटची सहा मिनिटं उरलेली. मी म्हटलं, "मोजणीवाल्यांनी केली असेल कसली तरी खूण. काप."

"नक्की ना?"

"अरे, काप म्हटलं ना!"

पोरांनो, त्या रेघा मला पाठ होत्या. माझ्या आजोबांनी मला खांद्यावर उचलून, माझं बोट धरून त्या गिरवायला लावल्या होत्या. पण त्या सहा मिनिटांत ते डोक्यातच आलं नाही. आणि सामना हरलो तो हरलोच.

आल्पोने झाड पाडलं. लाकूड लोखंडासारखं टणक, साखळीतून ठिणग्या उडाल्या म्हणाला. कोरलेला भाग बघून त्याला वाटलं, जुनी वस्तू आहे, फेकायची कशाला? तेवढी फळी कापून घेतली, घरी आणली आणि पडवीत दाराशेजारी टांगली. हिल्का, त्याची बायको, तिलाही आवडली. तिने वर एक छोटा दिवा लावला. नाताळ जवळ आला होता ना.

कार्सिक्को. शब्द ऐकलाय का तुमच्यापैकी कुणी?

बघा, वेन्लाने ऐकलाय. काय सांगायची आजी तुझी? ... बरोबर. मेलेल्याचं झाड. पूर्वी प्रेत चर्चच्या आवारात पुरायला न्यायचे तेव्हा घर आणि चर्च यांच्या मधे एका झाडापाशी थांबायचे. खालच्या फांद्या छाटायच्या, खोडावर फुली आणि मेलेल्याची घरखूण, म्हणजे त्याच्या घराण्याची रेघांची निशाणी, कोरायची, एकेक घोट दारू प्यायची, एक घोट त्याच्या नावाने ओतायचा, आणि पुढे जायचं. कशासाठी? तर मेलेला माणूस घराच्या ओढीने परत निघाला, की वाटेत त्याला ते झाड दिसतं. आपली खूण दिसते. वर फुली दिसते. मग त्याला कळतं, की अरे, मी तर मेलोय. आणि तो तिथेच बसतो. पुढे येत नाही.

त्या वाळक्या पाइनपाशी टाहवो बसायचा. तीनशे वर्षं.

टाहवो म्हणजे या गावात आलेला पहिला माणूस. तेव्हा गाव नव्हतंच. नुसतं जंगल, दलदल आणि डास. तो पायांना लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत आला, पाठीवर बियाणं, कमरेला कुऱ्हाड, आणि मागून बायको, तिच्या पाठीवर पातेलं आणि पातेल्यात तान्ही मुलगी. जंगल जाळलं, राखेत धान्य पेरलं. आज दुपारी तुम्ही ज्या दगडांच्या ढिगावर बसून सँडविच खाल्लेत ना, तो ढीग त्याचा आहे. शेतातला एकेक दगड हाताने उचलून त्याने तिथे नेऊन टाकलाय. माणूस महाहट्टी. आणि घरात त्याचा एक नियम होता. सगळे टेबलाशी बसल्याखेरीज कुणी जेवायचं नाही. एक जण जरी बाहेर असला, तरी बाकीच्यांनी थांबायचं.

मग दुष्काळ आला. लागोपाठ दोन उन्हाळे हिमाने उभं पीक मारलं. पाइनची साल कुटून तिचा पाव करून खाल्ला लोकांनी. तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात टाहवो धान्य आणायला चर्चच्या गावी गेला, साठ किलोमीटर, आणि आठव्या दिवशी अर्धं पोतं घेऊन परत आला. घरापासून दोन किलोमीटरवर त्या पाइनखाली जरा टेकला. तिकडच्या वस्तीवरच्या लोकांना सापडला तो बसलेलाच. पोतं मांडीवर. त्याची गाठसुद्धा सोडलेली नव्हती. आठ दिवस उपाशी चालला, पण त्यातला एक दाणा तोंडात टाकला नाही त्याने.

ते लोक पोतं घेऊन त्याच्या घरी गेले. बायको मेलेली. धाकटी तिन्ही पोरं मेलेली. थोरली मुलगी तेवढी भिंतीला टेकून बसलेली, जिवंत. आणि टेबलावर सालीचा एक पाव होता. अख्खा. कुणी मोडलेला नव्हता.

कारण बाप यायचा होता.

हिल्का त्या थोरल्या मुलीच्या वंशातली. आणि हिल्काची मुलगी सेल्या, तेव्हा पाच वर्षांची.

फळी टांगली त्याच्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच चाळीसला, पडवीत धप्प आवाज झाला. काहीतरी जड खाली ठेवल्यासारखा. मग पाय आपटून बर्फ झटकतात तसा आवाज, दोनदा. आल्पोने दार उघडलं. कुणी नाही. कुत्रं मात्र टेबलाखाली गेलं ते सकाळपर्यंत बाहेर आलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पाच चाळीस म्हणजे पाच चाळीस, मिनिटाचा फरक नाही.

आणि त्याच संध्याकाळपासून सेल्या जेवेना.

"खा ना गं राणी," हिल्का म्हणाली.

"अजून सगळे आले नाहीत."

"सगळे म्हणजे कोण? आई आहे, बाबा आहेत, तू आहेस."

"नाही आले," ती म्हणाली, आणि दाराकडे बघत बसली.

पहिल्या दिवशी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवशी आल्पो ओरडला. तिसऱ्या दिवशी हिल्का रडली. पोरगी पाणी प्यायची, कधी दोन घोट दूध, बस. लाड करून झाले, धाक दाखवून झाला. डॉक्टरांनी घसा पाहिला, पोट पाहिलं, रक्त तपासलं. सगळं ठीक. बहिणीकडे शहरात नेऊन पाहिलं, तर तिथेही पोर ताटलीसमोर हाताची घडी घालून दाराकडे बघत बसली. मनगटं ही एवढीशी झाली होती तिची. सोमवारी दवाखान्यात दाखल करून नळीने अन्न द्यायचं ठरलं.

तेव्हा आल्पो माझ्याकडे आला. शुक्रवारी सकाळी. टोपीसुद्धा न काढता या अशा खुर्चीत बसला.

"काका, आज मी तिला विचारलं, तुला असं सांगतं तरी कोण? म्हणाली, पडवीतले आजोबा. दिसायला कसे आहेत म्हटलं. तर म्हणाली, ते भिंतीकडे तोंड करून उभे असतात."

"भिंतीकडे म्हणजे?"

"दाराशेजारी. ती फळी लावलीय ना मी, तिच्यासमोर."

"कसली फळी?" मी विचारलं.

त्याने फोनमध्ये फोटो दाखवला... आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली, पोरांनो. वर फुली. एक उभी, दोन आडव्या, एक तिरकी. माझ्या बोटाला अजून आठवत होत्या त्या रेघा.

त्याला सगळं सांगितलं. हॉकीचंही सांगितलं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं वाटलं असतं मला.

मग मला आजोबांकडून जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. म्हटलं, जिथे खूण असते तिथे तो थांबतो. तू खूण दारात आणून टांगलीस, म्हणून तो दारात उभा आहे. ती परत न्यायला हवी. पण दिवसाउजेडी नेलीस तर तो मागे राहील, आणि मग त्याला अडवायला दारात काहीच नसेल. तो आला की न्यायची. गाडी नको. मेलेला माणूस बर्फावरून घसरत जातो, इंजिनामागे धावत नाही. बर्फावरची ढकलखुर्ची घे. त्याच वळणावर जिवंत पाइन बघ, फांद्या छाट, फळी ठोक, त्याच्या नावाने दारू ओत आणि घरी ये. वाटेत मागे बघायचं नाही. आणि काही झालं तरी त्याच्याशी बोलायचं नाही.

"मी येतो बरोबर," मी म्हटलं.

"नको. झाड मी पाडलंय."

मला बरं वाटलं तेव्हा. खोटं कशाला बोलू.

तेरा डिसेंबर. उणे बावीस. अंधार पडून अडीच तास झालेले, चंद्र नाही, वारा नाही. आल्पो पडवीत पायरीवर तयार बसून होता. ढकलखुर्ची अंगणात लावलेली. सगळ्या घरांत असते तशीच, पुढे लाकडी खुर्ची, खाली पोलादाच्या दोन लांब पट्ट्या. कुऱ्हाड, हातोडा आणि खिळे पिशवीत घालून दांड्याला अडकवले होते. दारूची छोटी बाटली कोटाच्या खिशात. घरात हिल्का सेल्याला मांडीवर घेऊन बसली होती. तिला तो बजावून आला होता, काही झालं तरी बाहेर यायचं नाही.

पाच एकोणचाळीस...

पाच चाळीस.

धप्प.

त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर. मग पाय आपटले. एकदा. दोनदा.

आल्पो उठला. वळला नाही. मान खाली घालून, पाठमोराच मागे सरकत भिंतीपर्यंत गेला, चाचपडत फळी काढली. म्हणाला, "काका, फळी काढताना माझ्या गालाला गार लागत होतं. वाऱ्यासारखं नाही. थांबून थांबून. कुणीतरी श्वास घेत असल्यासारखं."

फळी खुर्चीवर ठेवली. दांडा धरला. एक पाय मागच्या पट्टीवर, दुसऱ्याने रेटा. खुर्ची हलली. अंगणातून रस्त्यावर आली.

पहिला अर्धा किलोमीटर उतार आहे, तुम्ही पाहिलाय. नुसता पाय टेकवला तरी पळते तिथे. त्या दिवशीही पळाली. फळी हलकी, बर्फ कडक. त्याच्या कपाळावरच्या दिव्याचा उजेड पुढे पडलेला, आणि त्यात फक्त रस्ता आणि दोन्ही बाजूंना झाडं. तो स्वतःशी म्हणाला, झालं, इतकंच तर होतं.

उतार संपला.

आणि खुर्ची जड झाली.

एकदम नाही... हळूहळू. जसं कुणी आधी टेकतं. मग अंग सोडतं. लाकूड करकरलं. पट्ट्या बर्फात रुतल्या. दिव्याच्या उजेडात खुर्ची दिसत होती, तिच्यावर फळी दिसत होती. बाकी काही नाही. पण रेटा देताना त्याला दम लागायला लागला.

त्याने मशीनवर वीस वर्षं काढली आहेत. अंगात बैलाचं बळ आहे. तरी दर दहा पावलांवर थांबावं लागत होतं. घाम येत होता आणि पापण्यांवर गोठत होता.

बोलायचं नाही. मागे बघायचं नाही. पण हे मागे नव्हतंच ना, पोरांनो... हे पुढे होतं. त्याच्या हनुवटीखाली. तिकडे बघायचं नाही असं मी सांगितलंच नव्हतं.

वळण आलं तेव्हा सहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्याने खुर्ची कडेला लावली. कुऱ्हाड घेतली. रस्त्याकडे पाठ करून त्या पाइनच्या फांद्या छाटायला लागला. एक... दोन... हात पोचेना तिथे झाडावर चढला. गोठलेल्या फांद्या काचेसारख्या तुटत होत्या. आणि दोन घावांच्या मधे, जेव्हा जेव्हा शांतता व्हायची...

थप.

...

थप. थप.

हळू आवाज. खुर्चीकडून. हाताने कशावर तरी थोपटल्यासारखा.

तो थांबला की आवाज यायचा. घाव घातला की ऐकू यायचा नाही. म्हणून तो घाव घालत राहिला. लागत होत्या त्याहून जास्त फांद्या तोडल्या त्याने. म्हणून ते झाड इतकं उंच बोडकं आहे, यूसो.

पण फांद्या संपतात कधीतरी.

तो खाली उतरला. उलट्या पावलांनी खुर्चीपर्यंत गेला, पाठीमागे हात करून फळी ओढून घेतली. झाडावर धरली. खिळा लावला. हातोडा उचलला.

थप. थप... थप.

आणि त्याला कळलं, तो आवाज कसला आहे. आल्पो स्वतः रोज रात्री तेच करायचा. सेल्याला झोपवताना. पाठीवर, असंच. भुकेलं पोर निजवताना थोपटतात ना, तसं कुणीतरी पोतं थोपटत होतं. आलोच. आता आलोच. दोनच किलोमीटर.

मला म्हणाला, "काका, मी खूप घाबरलो होतो. मुतायचा बाकी होतो. पण त्या क्षणी मला रडू आलं. तीनशे वर्षं तो धान्य घेऊन घरी निघालाय, आणि आपण दर वेळी त्याला सांगतोय, तू मेलास, बस खाली. माझ्या पोरीसाठी मी असा निघालो असतो आणि मला कुणी अडवलं असतं तर?"

त्याने हातोडा खाली घेतला. फळी खाली घेतली. खूण आपल्या छातीशी दाबून धरली, दिसू नये अशी.

आणि तो बोलला. मी नको म्हटलेलं असताना बोलला.

"टाहवो... घरी जा. जेवायला थांबलेत."

थोपटणं बंद झालं.

...

काहीच नाही.

...

मग लाकूड करकरलं. खुर्चीवरून कुणी उठलं. बर्फ वाजला. एक पाऊल. दुसरं. अडखळत. मग भरभर. मग... तो धावत होता. म्हातारा, उपाशी, पाठीवर ओझं घेऊन, धावत होता. टाहवोलाकडे.

आणि आल्पोला एकदम शुद्ध आली. आपण काय केलं हे कळलं. दारात आता फळी नव्हती. आणि आत त्याची पोर होती.

वळणावरून शेतापलीकडे घराचा दिवा दिसतो. त्याने तिकडे बघितलं.

दिवा विझला.

खुर्ची तिथेच टाकून तो पळाला. फळी छातीशीच होती, त्याच्या लक्षातही नव्हतं. दोन किलोमीटर, शेवटी चढ, त्या बर्फातून, जड बुटांनी. "हिल्का! हिल्का!" ओरडत होता. सेल्याचं नाव त्याच्या तोंडातून निघेना. कपाळावरचा दिवा कुठे पडला ते आजतागायत कळलं नाही. वाटेत दोनदा पडला, गुडघा फुटला, पण उठून पळतच राहिला. तो शिव्या देत होता, मला, टाहवोला, स्वतःला. आणि मग शिव्यांनाही दम उरला नाही.

अंगणात पोचला आणि घरात दिवे आले.

पडवीचं दार उघडं होतं. आतलंही.

सेल्या खात होती.

आईच्या मांडीवर बसून, दोन्ही गाल फुगवून, हातात काळ्या पावाचा तुकडा, हनुवटीवर लापशीचा ओघळ. बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, आज तुम्हीच उशीर केलात." आल्पो तिथेच उंबऱ्यावर मटकन बसला आणि ढसाढसा रडला.

हिल्का रडत नव्हती. हलतही नव्हती. तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. पोरीला इतकं घट्ट धरलं होतं की बोटं सोडवावी लागली.

तिने नंतर सांगितलं ते असं. आल्पो गेल्यावर सेल्या म्हणाली, आई, सगळ्यांना वाढ. हिल्काने विचार केला, खेळ म्हणून का होईना, जेवली तर जेवली. तिने पोर म्हणेल तशा सहा वाट्या मांडल्या, लापशी वाढली, चमचे ठेवले. आणि पावणेसातच्या सुमारास वीज गेली. दार उघडल्याचा आवाज आला. गार हवा आली. बाकं सरकली. आणि मग... अंधारात... तिच्या चारी बाजूंनी... चमचे वाट्यांना लागल्याचे आवाज. कुणी बोलत नव्हतं. नुसतं खाणं. भराभर. आणि तिच्या मांडीवर सेल्यानेही चमचा उचलला.

हिल्काने डोळे मिटले होते. उघडायची हिंमतच नव्हती. उघडले ते दिवे आल्यावर. सहाही वाट्या चाटूनपुसून साफ. सेल्याचा चमचा तिच्या वाटीत. बाकीचे पाच टेबलावर नव्हते.

पोरांनो, आता घराघरांत नळ आहे, भांडी धुवायचं यंत्र आहे. पण त्या काळी जेवण झालं की ज्याने त्याने आपला चमचा चाटायचा आणि भिंतीच्या ओंडक्यांमधल्या फटीत खोचून ठेवायचा. तीच त्याची जागा. हे सेल्याला ठाऊक असणं शक्य नाही. हिल्कालाही ठाऊक नव्हतं. मीच सांगितलं तिला, दुसऱ्या दिवशी.

चमचे भिंतीत होते. स्टीलचे, बाजारातले. ओंडक्यांच्या फटी शेवाळाने इतक्या गच्च भरलेल्या आहेत की सुरीचं टोक जात नाही, आणि चमचे मात्र आत गेलेले. तीन खाली, पोरांच्या हाताला येतील असे. चौथा हिल्काच्या खांद्याएवढ्या उंचीवर. आणि पाचवा त्याच्याही वर, उंच पुरुषाचा हात जाईल तिथे.

आल्पो आणि मी दुसऱ्या दिवशी उजेडात जाऊन फळी झाडावर ठोकली, दारूही ओतली. पलीकडच्या बाजूला आहे ती, रस्त्यावरून दिसत नाही. तेव्हापासून पडवीत आवाज नाही. सेल्या शाळेत जायला लागली, गुबगुबीत झालीय. खालचे चार चमचे आम्ही काढले. सहज निघाले.

वरचा निघत नाही. मी ओढून पाहिला, आल्पोने पकड लावून पाहिली. आता हिल्का म्हणते, असू द्या. ती रोज सकाळी स्टुलावर चढते आणि ओल्या फडक्याने तो पुसून ठेवते.

मी तिला म्हटलं, अगं, भिंतीतला चमचा रोज कशाला पुसतेस?

ती म्हणाली, "काका, रोज सकाळी तो खरकटा असतो."